एकाच थराचं चुंबक असू शकतं का?

तुम्ही विचारलंय की, ग्राफाइट सोलून जसं ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा थर, मिळतं, तसं एखादं चुंबक सोलत सोलत शेवटच्या थरापर्यंत नेलं तर चुंबकत्व उरेल का. उरतं, पण सगळ्याच पदार्थांत नाही. मी असे थर सोलण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शंका फार जुनी आहे. 1966 साली मर्मिन आणि वॅग्नर या भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं की, अणूंचे स्पिन (प्रत्येक अणूतली जणू इवलीशी चुंबकसुई) कुठल्याही दिशेला वळायला सारखेच मोकळे असतील आणि फक्त जवळपासच्यांशीच बांधलेले असतील, तर सपाट थरात जराशी उष्णताही चुंबकत्व मोडते. लेझमीच्या लांब रांगेत प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघून तोंड वळवलं आणि दर वेळी कणभर चूक झाली, तर टोकाचा गडी भलतीकडेच पाहत असतो. शेजाऱ्याशेजाऱ्यांत मात्र फरक दिसतही नाही! जाड स्फटिकात वरखालचे शेजारीही सावरून घेतात. एका थरात ते नसतात.

सुटका आहे ती ‘कुठल्याही दिशेला मोकळे’ या अटीत. क्रोमियम ट्रायआयोडाइड या थराथरांच्या चुंबकी स्फटिकात क्रोमियमच्या जाळीच्या वर आणि खाली आयोडीन असतं. या जड आयोडीनमुळे स्पिनला थराशी काटकोनात उभं राहणंच सोयीचं पडतं, कलायचं तर ऊर्जा लागते. तेवढ्या आधारावर अख्खा थर तग धरतो. 2017 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले शाओडोंग शू आणि एमआयटीतले पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटांनी ते मोजून दाखवलं: जाड स्फटिक 61 केल्विनखाली चुंबक होतो, एकटा थर 45 केल्विनखाली. म्हणजे उणे 228 अंश सेल्सिअस. घरात वापरायची गोष्ट नव्हे.

सोलायला साधी चिकटपट्टीच लागते, पण हे काम ऑक्सिजन आणि ओलावा नसलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, करावं लागतं. एकदा माझा एक तुकडा झाकायच्या आधीच उघड्या हवेत आला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कडा सुटल्या, मग थेंब दिसायला लागले आणि काही मिनिटांत नुसता ओला डाग उरला. दोन दिवसांची मेहनत होती ती.

मला सगळ्यात सुंदर वाटतो तो दोन थरांचा तुकडा. एक थर चुंबक, तीन थर चुंबक, पण दोन थरांची बेरीज शून्य! प्रत्येक थर आपापल्या जागी पक्का चुंबक असतो, फक्त वरचा आणि खालचा विरुद्ध दिशांना असतात. सुमारे 0.65 टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लावलं की दोन्ही एका दिशेला येतात. हा विरोध थर एकमेकांवर नेमके कसे बसलेत त्यावर ठरतो. 2019 मध्ये असे तुकडे प्रचंड दाबाखाली ठेवले, तेव्हा थर किंचित सरकले आणि दाब काढल्यावरही ते एकाच दिशेचे राहिले.