सीडरच्या रानात हरीण का दिसत नाही?

प्रश्न : आम्ही ऑस्टिनला राहतो. टेक्सासच्या हिल कंट्रीत, केरव्हिलजवळ, मित्राबरोबर ४० एकर जमीन घेतली. तिचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग सीडरने व्यापला आहे. गेल्या नोव्हेंबरात चार सकाळी शिकारीसाठी मचाणावर बसलो. पायवाटा आणि ताज्या लेंड्या भरपूर दिसल्या, पण हरीण एकही नाही. सगळे सीडर तोडून टाकावे काय? — एक वाचक

उत्तर : सगळे तोडू नये. तिकडे ज्याला सीडर म्हणतात तो आपल्या देवदाराच्या कुळातला नव्हे. तो जुनिपर नावाचा सदाहरित वृक्ष आहे, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाला त्याचा पाला फारसा रुचत नाही, कारण त्यात उग्र वासाची तेले असतात. हे झाड म्हणजे हरणाचे घर, ताट नव्हे. दिवसभर ते या गर्द सावलीत बसून रवंथ करते आणि खाण्यासाठी ओकच्या झाडांकडे, मोकळ्या गवताकडे, पाण्याकडे निघते. आपण बहुधा हरणाच्या या घराच्या आतच बसला असाल, जिथे दहा पावलांपलीकडचे दिसत नाही.

म्हणून आधी फिरून पाहावे. कोवळ्या खोडाची साल गुडघ्याच्या उंचीवर सोलली गेली असेल आणि आतले ओले लाकूड चमकत असेल, तर तिथे नराने नुकतीच शिंगे घासली आहेत असे समजावे. जुनिपरचा पालाही माणसाच्या छातीच्या उंचीपर्यंत कात्रीने कापल्यासारखा साफ झालेला दिसला, तर मात्र हरणे उपाशी आहेत आणि त्या भूभागात त्यांची संख्या जमिनीला पेलण्यापलीकडे गेली आहे.

तोडणी पायवाटा जिथे ओकच्या जवळ येतात तिथेच करावी : दोन-तीन अरुंद पट्टे आणि एखादी लहान मोकळी जागा पुरे. सर्वांत खालच्या हिरव्या फांदीच्याही खाली खोड कापले, तर हा जुनिपर पुन्हा फुटत नाही. साल लोंबणारी जुनी झाडे मात्र राखावीत. सोनेरी गालांचा वार्बलर हा पक्षी फक्त मध्य टेक्सासात घरटी करतो आणि त्या घरट्यासाठी याच सालीच्या पट्ट्या कोळ्याच्या जाळ्याने विणतो; १९९० पासून तो संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. त्यामुळे मार्च ते ऑगस्ट करवत बाजूला ठेवावी आणि तोडणीपूर्वी राज्याच्या वन्यजीव विभागाच्या जीवशास्त्रज्ञाला जमीन दाखवावी.

लपणाच्या जागा दोन हव्यात, एक आग्नेय वाऱ्यासाठी आणि दुसरी थंडीची लाट आली की सुटणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्यासाठी. वारा हरणांच्या झाडीकडून आपल्याकडे येत असेल तरच बसावे, म्हणजे आपला वास त्यांना लागत नाही. चुकीच्या वाऱ्यात बसून रान बिघडवण्यापेक्षा घरी चहा पिणे बरे.

त्या भागात चितळही दिसेल, दचकू नये. १९३२ मध्ये तो टेक्सासात आणला गेला. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ज्याची शिकार गुन्हा ठरते, तो तिथे परदेशी प्राणी म्हणून गणला जातो आणि खासगी जमिनीवर वर्षभर मारता येतो. परवाना मात्र स्वतःच्या जमिनीवरही लागतो, आणि २ सप्टेंबर १९७१ रोजी वा नंतर जन्मलेल्यांना शिकारीचे प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते.

फांद्यांच्या आडून गोळी कधीही झाडू नये. लहानशी काटकीही तिची दिशा बदलू शकते. गोळी लागल्यावर हरीण गर्द झाडीतच शिरते, म्हणून ते शेवटचे जिथे दिसले ती जागा नीट हेरून अर्धा तास थांबावे, मग रक्ताच्या प्रत्येक ठिपक्याजवळ चिंधी बांधत पुढे जावे. माग कुंपणापलीकडे गेला, तर शेजाऱ्याची परवानगी मिळेपर्यंत तिथेच थांबावे; ४० एकरांत ही वेळ येणारच, म्हणून त्याचा फोन नंबर हंगामापूर्वीच घेऊन ठेवावा.