जयकुमारांची वाट आणि तुझी

चि. ..., अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. प्राध्यापकी करू की परराष्ट्र धोरणात शिरू, असं विचारतेस. दोन्हींतलं एक सोडावंच लागेल, हे तुला कुणी सांगितलं? सिंगापूरच्या एस. जयकुमारांकडे बघ. कायदा शिकवता शिकवता ते 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांत देशाचे प्रतिनिधी झाले, परत येऊन विधी विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले, 1980 मध्ये खासदार आणि 1994 ते 2004 परराष्ट्रमंत्री. मंत्रिपदाचं सोड, त्याला नशीब लागतं. पेद्रा ब्रांका प्रकरण मात्र बारकाईने वाच.

सिंगापूर सामुद्रधुनीच्या पूर्वेकडच्या तोंडाशी हा खडक. त्यावर 1851 पासून हॉर्सबर्ग दीपगृह. 1979 मध्ये मलेशियाने नकाशात तो आपला दाखवला. चर्चेतून काही निघेना, तेव्हा 2003 मध्ये जयकुमारांनी वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याच्या करारावर सही केली. निकाल दोघांवर बंधनकारक. म्हणजे हरण्याची तयारी ठेवून सही! निवडून येणाऱ्या माणसाला हे किती जड जातं, ते तुला हळूहळू कळेल.

2007 मध्ये ते स्वतः न्यायालयापुढे बोलले. खडक पूर्वी कुणाचाच नव्हता, हे सिंगापूरचं म्हणणं टिकलं नाही. मूळ हक्क जोहोरच्या, म्हणजे आज मलेशियात असलेल्या राज्याच्या, सुलतानाचा ठरला. तरी 2008 मध्ये 12 विरुद्ध 4 मतांनी खडक सिंगापूरला मिळाला, कारण नंतर कोण कसं वागलं हे न्यायालयाने तपासलं. त्यात 1953 चं जोहोरच्या हंगामी राज्य सचिवांचं पत्र भारी पडलं: मालकीवर आमचा दावा नाही. शेजारचे मिडल रॉक्स हे खडक मलेशियाकडे गेले, तेही सिंगापूरने निमूट मानलं.

आता तुझं. 'हिंद महासागर आणि आंतरराष्ट्रीय कायदा' हा तुझ्या प्रबंधाचा विषय पाच जन्म पुरेल. एकच वाद घे. कच्छ आणि सिंधमधल्या खाडीचा, सर क्रीकचा घे. कच्छ आणि सिंधच्या हद्दीचा 1914 चा ठराव मुंबई सरकारचाच, आणि त्याच कागदाचा अर्थ पाकिस्तान एक लावतो, आपण दुसरा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाऊन त्या काळचा सरकारी पत्रव्यवहार वाचायची सवय कर. डोळे दुखतील, दुखू देत. परराष्ट्र मंत्रालयात विधी व करार विभाग आहे, त्याच्या भरतीवरही लक्ष ठेव. तिथल्या प्रमुखपदी राहिलेल्या नीरू चढ्ढा 2017 मध्ये हॅम्बुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणावर निवडून गेल्या.

पहिलं प्रकरण दिवाळीपूर्वी पाठव. तळटीपा आधी तपासून.

तुझा,
सर