सांगलीत हळदीची पेढी आहे, पंधरा वर्षांचे मेल याहूवर आहेत. जीमेलवर गेलो तर जुने मेल येतील का?

येतील, पण आपोआप नाही. कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हे मेलचं मोफत सॉफ्टवेअर टाकून त्यात दोन्ही खाती 'आयमॅप'ने (सगळे फोल्डर दाखवणारी जोडणी) जोडा आणि याहूचे फोल्डर जीमेलमध्ये कॉपी करा. 'पॉप' ही दुसरी जोडणी निवडू नका, त्यात फक्त इनबॉक्स येतो. पाठवलेले मेल, म्हणजे तुम्ही दिलेले भाव आणि बिलं, मागेच राहतात. थंडरबर्डने याहूचा नेहमीचा पासवर्ड नाकारला, तर याहूच्या अकाउंट सिक्युरिटीत जाऊन अ‍ॅप पासवर्ड (अशा सॉफ्टवेअरसाठीचा वेगळा पासवर्ड) तयार करा आणि तोच टाका. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. सगळा इनबॉक्स एकदम ओढला तर कनेक्शन मध्येच तुटू शकतं आणि कुठपर्यंत आलं ते कळत नाही, म्हणून वर्षावार चार-पाचशे मेल घ्या. 'मूव्ह' नको, 'कॉपी'च. जीमेलची फुकट जागा 15 जीबी आहे आणि त्यात फोटो, ड्राइव्हही धरतात. आधी तेवढं बघून घ्या.

मेल हलवणं सोपं, पत्ता बदलणं किचकट. या ठिकाणी नवा पत्ता आधी द्या:
- जीएसटी पोर्टल ('नॉन-कोअर अमेंडमेंट', म्हणजे नोंदणीतल्या किरकोळ बदलांचा अर्ज)
- आयकर पोर्टल
- बँक

अडत्यांना आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना नंतर कळवलं तरी चालतं.

एक मात्र आहे: याहूच्या फुकट खात्यातलं ऑटो-फॉरवर्ड 2021 पासून बंद आहे. त्यामुळं वर्षभर तरी जुनं खातं अधूनमधून उघडत राहा; सलग 12 महिने लॉगिन केलं नाही तर याहू ते रिकामं करू शकतं.