सांगलीच्या उन्हाळ्यात समुद्री टाकी
खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ घरी पाळायचे तर पहिली टाकी 100 लिटरपेक्षा लहान घेऊ नये असा माझा आग्रह आहे, कारण पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान आणि क्षारता लवकर बिघडते. बोअरचे पाणी वापरू नये. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवून विशिष्ट गुरुत्व (पाण्यात मीठ किती आहे हे सांगणारा आकडा) 1.025 वर आणावे. त्यानंतर खरी कसोटी संयमाची असते: माशांना विषारी असलेल्या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू टाकीतल्या दगडांत रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि पाण्याच्या चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा आणू नये. मी आठव्या दिवशीच दोन क्लाउनफिश सोडले होते. पृष्ठभागाशी येऊन त्यांनी टाकलेल्या धापा मला अजून आठवतात.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी सहज तिशी ओलांडते, प्रवाळांना मात्र 25-26 अंश मानवतात. पाण्यावर पंखा लावल्यास ते थंड होते, परंतु बाष्पीभवनात मीठ मागेच राहते, म्हणून घटलेली पातळी रोज बिनमिठाच्या आरओ पाण्यानेच भरावी. वीज जाईल तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

मालवणला गेल्यावर समुद्रातले प्रवाळ उचलून आणण्याचा विचारही करू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार कठीण प्रवाळांना संरक्षण आहे.