यमक: संस्कृतातले आणि मराठीतले

एका वाचकाने विचारले आहे की, शाळेत ‘चरणांच्या शेवटी सारखी अक्षरे आली की यमक’ असे शिकलो, पण संस्कृत अलंकारांच्या पुस्तकात यमकाचे लक्षण निराळेच दिसते. मग यांपैकी कोणते बरोबर मानायचे? माझे उत्तर असे की दोन्ही बरोबर आहेत, मात्र आपण कोणत्या भाषेतल्या कवितेबद्दल बोलत आहोत ते आधी ठरवावे लागते.

संस्कृतात ‘यम’ म्हणजे जुळा, आणि त्यावरूनच ‘यमक’ हा शब्द आला. चौदाव्या शतकातल्या ‘साहित्यदर्पणा’त विश्वनाथाने सांगितलेले लक्षण असे आहे की, स्वरव्यंजनांचा तोच समूह त्याच क्रमाने पुन्हा यावा, आणि दोन्ही ठिकाणी त्याला अर्थ असेल तर तो अर्थ वेगळा असावा. ही आवृत्ती चरणाच्या शेवटीच व्हावी अशी अट तेथे मुळीच नाही. माघ कवीच्या ‘शिशुपालवधा’च्या सहाव्या सर्गात ‘नवपलाशपलाशवनं पुरः’ असा चरण आहे. त्यात पहिला पलाश म्हणजे पान आणि दुसरा म्हणजे पळसाचे झाड. त्याच श्लोकात पुढे ‘सुरभिं सुरभिं’ असे शब्द येतात, आणि तेथे एका सुरभीचा अर्थ सुगंधी, तर दुसऱ्याचा वसंत ऋतू. मोठ्याने म्हणून पाहिल्यावर या जुळ्यांची गंमत कानाला लगेच कळते.

आता मोरोपंतांच्या ‘केकावली’तल्या, बहुतेकांना पाठ असलेल्या ओळी घ्या: ‘सुसंगती सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो’. पुढे ‘झडो’ आणि ‘नावडो’ येतात. शाळेत यमकाचे उदाहरण म्हणून आपण याच ओळी शिकतो, पण विश्वनाथाच्या कसोटीला त्या उतरणार नाहीत, कारण येथे केवळ ‘अडो’ एवढा शेवट जुळतो. अशा शेवटाला, म्हणजे आधीच्या स्वरासह व्यंजनाच्या आवृत्तीला, त्याने ‘अंत्यानुप्रास’ असे वेगळे नाव दिले आहे.

मग मराठीने यमक हे नाव चुकीच्या जागी लावले काय? मला तसे वाटत नाही. संस्कृत वृत्ते लघुगुरूंच्या बांधणीवर उभी असतात आणि त्यांना चरणान्ती अक्षरे जुळवण्याची गरज नसते. उलट ओवीचे पहिले तीन चरण शेवटच्या अक्षरांनीच एकमेकांत गुंफलेले असतात. 1290 सालच्या ‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्याच ओवीत ‘आद्या’, ‘प्रतिपाद्या’, ‘स्वसंवेद्या’ असे तीन शेवट येतात आणि मग ‘आत्मरूपा’ हा मोकळा चरण. (‘स्वसंवेद्या’त तर आधीचा स्वरही बदलतो, तरी कानाला काही उणे वाटत नाही.) जी गोष्ट संस्कृत कवितेत प्रासंगिक होती ती मराठीत रचनेचा आधार झाली, आणि तिला रोजच्या वापरासाठी एक सुटसुटीत नाव मिळाले. ‘निर्यमक’ हा शब्द आणि ‘यमक जुळणे’ हा वाक्प्रचार याच अर्थावर उभे आहेत. मराठी गझलेच्या चर्चेतही काफियाला, म्हणजे शेरांतल्या जुळणाऱ्या शब्दांना, यमक म्हणतात; रदीफासाठी, म्हणजे काफियानंतर तसाच परत येणाऱ्या शब्दासाठी, ‘अंत्ययमक’ हा शब्द आहे, मात्र रदीफात तोच शब्द सहसा त्याच अर्थाने परत येतो, म्हणून जुन्या व्याख्येपासून तो आणखी दूर जातो.

जुन्या अर्थाच्या यमकाची श्लेषाशी गल्लत होताना मात्र मी पुष्कळदा पाहिली आहे. ‘धडा पाठ झाला नाही म्हणून त्याने पाठ फिरवली’ या वाक्यात ‘पाठ’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळी वेगवेगळा, पण एकेकच अर्थ देतो, म्हणून हे यमक. शब्द एकदाच येऊन दोन अर्थ देत असेल तर तो श्लेष. मराठी कवितेवर लिहिताना ‘यमक’ निःशंकपणे चरणान्तीच्या जुळणीसाठी वापरावा. मात्र माघाचा किंवा कालिदासाचा श्लोक उलगडताना जुना अर्थच धरावा, आणि एकाच लेखात दोन्ही भाषांचे दाखले येणार असतील तर मराठीतल्या जुळणीला ‘अंत्ययमक’ न म्हणता ‘अंत्यानुप्रास’ म्हणावे, कारण पहिला शब्द गझलेने आधीच घेतलेला आहे.