चेतापेशीत तांबे वाहणारे प्रथिन जागा का बदलते आणि त्यातून आजार कसा होतो?

चेतापेशीत हे काम मुख्यतः एटीपी७ए हे प्रथिन करते. एरवी ते गॉल्जी यंत्रणेत (पेशीतला प्रथिने तयार करून पाठवणारा भाग) राहून एन्झाइमांना तांबे पुरवते. पेशीत तांबे वाढले की पेशीपटलाकडे सरकून जादा तांबे बाहेर टाकते, पातळी उतरली की परत फिरते.

प्रथिन पूर्ण निकामी झाले तर मेंकीस रोग हा बाळांना होणारा आनुवंशिक आजार होतो: तांबे आतड्यातच अडकते, बाळाच्या मेंदूपर्यंत पोचत नाही. तांबे-हिस्टिडीनची (हिस्टिडीन या अमिनो आम्लाशी जोडलेल्या तांब्याची) इंजेक्शने अगदी लवकर दिली तरच उपयोग, तोही सगळ्यांना नाही.

मला जास्त विचार करायला लावतात ते या प्रथिनाच्या जनुकातले सौम्य बदल (उत्परिवर्तने). २०१० मध्ये सापडलेल्या दोन उत्परिवर्तनांत मेंकीसची लक्षणे नसतात, पण प्रथिनाची ये-जा बिघडते आणि बहुधा मोठेपणी हातापायांच्या टोकाकडचे स्नायू झिजतात.

तांब्याशीच संबंधित दुसऱ्या आनुवंशिक आजारातले, विल्सन रोगातले, प्रथिन वेगळे, एटीपी७बी. तिथे तांबे यकृतात साचते.