फौजेतून बाद झालेली .३०३ रायफल विकत घेऊन दुरुस्त करता येते का? आणि घरातल्या गंजलेल्या .३१५ चं काय करावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली, लष्करातून बाद झालेल्या .३०३ रायफली लिलावात मिळतात असं ऐकलंय, त्यातली एक घेऊन नीट करता येईल का. दुसरी, कराडच्या घरी वारलेल्या आजोबांची .३१५ रायफल माळ्यावर गंजत पडली आहे आणि परवान्याची मुदतही संपली आहे, ती पुन्हा चांगली कशी करायची.

पहिल्याचं उत्तर सरळ नाही असं आहे. .३०३ आणि ७.६२ मिमी ही दोन्ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतलं माप) आहेत. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. बाद झालेल्या लष्करी रायफली सामान्य माणसाला विकायची पद्धत आपल्याकडे नाही. लोकांचा गोंधळ होतो तो अमेरिकेतले व्हिडिओ बघून. आपल्या इशापूर कारखान्यात १९६० च्या दशकापासून बनलेल्या ७.६२ च्या २ए आणि २ए१ रायफली (दिसायला थेट .३०३, पण मॅगझीन चौकोनी आणि १२ काडतुसांचं) तिकडे मोठ्या संख्येने गेल्या आणि दुकानांत सर्रास विकल्या गेल्या. रायफल इथली असली तरी तो बाजार तिकडचा. अपशिंग्यासारख्या फौजी गावात कोणी 'मिलिटरीची जुनी मिळवून देतो' म्हणाला, तर त्या वाटेला जाऊ नका. निकामी केलेली शोभेची रायफल पुन्हा चालू करणं हाही गुन्हाच आहे.

पण तुमच्या माळ्यावर जे आहे ते त्याच घराण्यातलं आहे. इंग्रजांनी लष्करी बोअर इथल्या नागरिकांना बंद केलं, म्हणून इंग्लंडच्या बीएसए कंपनीने ली-एनफिल्डच्याच (म्हणजे त्या .३०३ लष्करी रायफलीच्याच) घडणीवर ८ मिमीची, म्हणजे .३१५ ची शिकारी रायफल काढली. पुढे इशापूरने तीच बनवली. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग), त्याचं डोकं, दस्ता (खांद्याला टेकवायचं मागचं लाकूड) जोडायची रीत, सगळं .३०३ च्या वळणाचं. त्यामुळे लष्करी रायफल नीट करायची जी विद्या आहे, ती इथे बरीचशी लागू पडते. काडतूस मात्र वेगळं. .३०३ चं काडतूस .३१५ मध्ये 'बसतंय का बघू' म्हणून घालायचं नाही.

आता कागद, कारण ते झाल्याशिवाय रायफलीला पाना लावायचा नाही. परवानाधारक वारल्यावर वारसांनी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. माळ्यावर ठेवलेली रायफल आज विनापरवाना आहे. स्वतः गाडीत घालून निघू नका. आधी ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि ते सांगतील तसं न्या. शक्य असेल तर विक्रेत्याकडे जमा करा. तिथे महिन्याचं भाडं पडतं, पण रायफलीला तेल लागतं. पोलिसांच्या मालखान्यात (जमा वस्तूंच्या खोलीत) ती पोत्याला टेकून पावसाळा काढते.

मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज. तो ऑनलाइन भरून त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्यायची. सातारा आणि सांगली दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा आणि चौकशी पोलिसांची. मृत्यू दाखला, जुना परवाना, बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र एवढं तरी तयार ठेवा. अडतं ते बहुतेक वेळा ना-हरकतीवर, एखाद्या आत्याची सही राहते आणि फाइल तिथेच थांबते. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारसाने आलेलं शस्त्रही त्यात मोजलं जातं. वडिलांकडे आधीच दोन असतील तर अर्ज तुमच्या नावाने करा. ज्यांच्या घरात परवानाधारक हयात आहेत त्यांच्यासाठीही हे सांगून ठेवतो: वयाची ७० वर्षं झाली किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ असलं, की हयातीतच वारसाच्या नावे करायचा अर्ज करता येतो.

परवाना हातात आला की दुरुस्तीवाला शोधा. शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो, म्हणून दुकानाच्या परवान्यावर दुरुस्तीचा उल्लेख आहे का ते बघून घ्या. ओळखीच्या लेथवाल्याकडे नळी किंवा बोल्ट न्यायचा नाही, काम कितीही किरकोळ असो. साफसफाई आणि तेलपाणी घरी, लाकडाचं काम हात बसला असेल तर घरी, आणि नळी, बोल्ट, स्प्रिंगा, चाप यांतलं काहीही दुरुस्तीवाल्याकडे.

तपासणी नंबरांपासून सुरू करा. मॅगझीन काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघा. बोल्ट मागे ओढून त्याचं डोकं वर उचललं की तो बाहेर येतो. बोल्टच्या दांडीवरचा नंबर आणि रायफलीचा नंबर एकच हवा. जमा-सोडवणुकीत बोल्टांची अदलाबदल झालेली असते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. ली-एनफिल्डच्या बोल्टचे खिळ (बोल्ट बंद झाल्यावर त्याला अडकवून धरणारे कान) त्या-त्या रायफलीला घासून बसवलेले असतात. दुसऱ्याचा बोल्ट फिरतो, बंदही होतो, पण काडतुसामागे फट जास्त राहते. .३०३ मध्ये काडतुसाच्या बुडाची कड धरून ही जागा ०.०६४ ते ०.०७४ इंच धरतात. .३१५ साठी दुरुस्तीवाल्याने त्याच बोअरचा गेज लावावा. घरात जुनी झाडलेली पुंगळी असेल तर तिच्या बुडाजवळ चकचकीत गोल रेघ किंवा चीर दिसते का बघा. दिसली तर गेज लावून खात्री होईपर्यंत ती रायफल झाडायची नाही.

नळी बोल्टच्या बाजूने उजेडाकडे धरून बघा. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे, ते थोडे असले तर चालतं. पण आत एके ठिकाणी सावलीसारखी गोल कडी दिसली तर नळी फुगलेली आहे. कधीतरी चिंधी किंवा माती अडकलेली असताना बार काढला गेला की असं होतं. अशा नळीवर खर्च करू नका. फौजी हाताखाली राहिलेल्या रायफलीत आणखी एक खोट सापडते. फुलथ्रूची (नळीतून चिंधी ओढायच्या साधनाची) दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढल्याने तोंडाशी एका बाजूला खाच पडते. मग नळी आतून आरशासारखी असली तरी गोळी भरकटते. दोरी सरळ रेषेत ओढायची, चिंधी ४ बाय २ इंचांची, आणि शक्य तिथे बोल्टच्या बाजूनेच सफाई.

लाकडाच्या कामात सगळ्यात जास्त रायफली खराब होतात, आणि त्या एकाच चुकीने: दस्ता आधी काढला जातो. दस्त्याच्या आत, बुडाच्या पट्टीखालून, दस्ता आवळून धरणारा एक लांब बोल्ट जातो (हा वरच्या बोल्टपेक्षा वेगळा). लष्करी घडणीत त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. दस्त्याचा बोल्ट फिरवला की ते चौकोनी टोक पुढच्या लाकडाला आतून फाडतं. म्हणून क्रम ठरलेला: आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मग दस्ता. शिकारी .३१५ मध्ये ही रचना बदललेली असू शकते, तरी क्रम हाच ठेवा, त्यात नुकसान काही नाही. पेचकसाचं पातं खाचेत घट्ट बसेल असं घासून घ्या, पाचर असलेलं साधं पातं खाचेच्या कडा उडवतं. स्क्रू हरवू नका. त्यांचे आटे जुन्या इंग्रजी मापाचे आहेत, हार्डवेअरच्या दुकानातला मेट्रिक स्क्रू दोन आटे जातो आणि भोक खाऊन टाकतो. चापाच्या कवचाच्या पुढच्या स्क्रूभोवती एक छोटी नळकांडी असते, ती जागेवर आहे का बघा. ती नसेल तर स्क्रू आवळाल तसं लाकूड चेपत जातं.

उतरवलेलं लाकूड तेलाने काळं पडलेलं असेल. पॉलिश पेपर घेऊ नका. घासलं की लाकूड धातूच्या खाली जातं, कडा गोल होतात, कारखान्याचे शिक्के पुसले जातात. रंगाच्या दुकानातली चॉक पावडर टर्पेंटाइनमध्ये कालवून दाट लेप द्या आणि उन्हात ठेवा. पांढरा लेप पिवळा-तपकिरी होत जातो, वाळला की झाडून पुन्हा द्या. दोन-तीन लेपांत बरंचसं तेल निघतं. दबलेल्या खळ्यांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा, वाफेने लाकूड उठतं. पण तंतू तुटलेले असतील तर उठत नाही.

मग जवसाचं तेल. पहिले दोन हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, पुढचे तीन नुसत्या तेलाचे. तळहाताने गरम होईपर्यंत चोळा, २० मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा. कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं, डबल बॉइल्ड एका दिवसात वाळतं. जाड थर दिला तर तो चिकट राहतो आणि पुढे काही केल्या वाळत नाही. हे काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत करा. पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला पावसात हात घालू नका. उलट माण-खटाव, जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात लाकूड आकसून स्क्रू ढिले होतात, ते मे महिन्यात एकदा तपासायचे. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा तारेवर पसरून वाळवा. व्हार्निश नको. त्याला तडा गेला की ओल आत शिरते आणि खाली लाकूड काळं पडतं.

धातूला घाई नको. रॉकेल आणि पातळ तेल लावून एक दिवस ठेवा, मग सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. लाल गंज निघतो, खालचा काळा थर राहतो, तो राहू द्या, ते संरक्षण आहे. चिवट गंज असेल तर सुटा भाग आरओच्या पाण्यात अर्धा तास उकळा. लाल गंज काळा होतो आणि वूलने सुटतो. काढल्याबरोबर कोरडा करून तेल लावा. संडास धुवायचं ॲसिड आणि बफिंगचं चाक या दोन्हींना हात लावू नका. बफने अक्षरं जातात, आणि नंबर पुसट झाला तर ते निव्वळ सौंदर्याचं नुकसान राहत नाही, ओळखचिन्ह मिटवणं हा शस्त्र कायद्यात गुन्हा आहे. नवं ब्लूइंग (धातूवरचा निळा-काळा संरक्षक थर) हवंच असेल तर दुरुस्तीवाल्याकडून. घरात बारा बोअरची दुनळी असेल तर तिला गरम कॉस्टिकचं ब्लूइंग अजिबात नको, दोन नळ्यांमधली पट्टी मऊ झाळणीने जोडलेली असते आणि कॉस्टिक ती झाळण खातं.

जुन्या काडतुसांच्या टोपीत (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागात) क्षार असत. ते नळीत राहिले की हवेतली ओल धरतात आणि रात्रीत गंज चढतो. तेलाने ते निघत नाहीत. उकळतं पाणी नळीतून ओता, कोरडी चिंधी ओढा, मग तेल. माळ्यावरची जुनी काडतुसं वापरू नका, रायफलीबरोबर तीही जमा करा.

ठेवताना रेक्झिनच्या कव्हरात नको, ते ओल धरून ठेवतं. लोखंडी कपाट, सिलिका जेल, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तेलाचं फडकं. खोबरेल नको, थंडीत थिजतं. तेल लावल्यावर पहिले काही दिवस तोंड खाली करून ठेवा, नाहीतर तेल उतरून दस्त्याच्या गळ्याशी लाकूड मऊ करतं. निवडणुकीत जमा करायची वेळ येते तेव्हा नळीत आणि बोल्टवर नेहमीपेक्षा जाड तेल द्या, कव्हर काढून घ्या, आणि पावतीवर रायफलीचा व बोल्टचा असे दोन्ही नंबर लिहून मागा. परत घेताना ते तिथेच ताडून बघा.